वसई धर्मप्रांताचा इतिहास फलकांवर आणताना : दहा महिन्यांच्या कामाच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरांनी साक्रिस्तीतलं, म्हणजे चर्चच्या उपासना-साहित्याच्या खोलीतलं, जुनं कपाट उघडून दिलं. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदींच्या अकरा जुन्या वह्या निघाल्या. सगळ्यात जुनी एकोणिसाव्या शतकातली, पोर्तुगीज भाषेत. कातडी पुठ्ठा, कण्याजवळ कसरीने खाल्लेला. चार पानांवर कुणीतरी कधीतरी सेलोटेप लावलेली. तिचा रंग आता चहासारखा झालाय आणि खालची अक्षरं टेपेबरोबरच निघून येतात.

काम दोन भागांत आहे. पहिलं म्हणजे वह्यांचे फोटो काढून नोंदी तक्त्यात उतरवणं. दुसरं म्हणजे त्यांच्या आधाराने आपल्या धर्मग्रामाचा (एका चर्चच्या क्षेत्राचा) आणि वसई धर्मप्रांताचा (एका बिशपांच्या अधिकारातल्या प्रदेशाचा) इतिहास सांगणारे बारा फलक करून हॉलमध्ये लावणं. फादरांची एकच अट आहे : गेल्या शंभर वर्षांतल्या नोंदींना हात लावायचा नाही, कारण त्या हयात माणसांच्या घरच्या गोष्टी आहेत. अट योग्य आहे. हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती स्वतःहून घालून घ्यावी.

आम्ही पाच जण आहोत : मी, माझी भाची, युवा संघटनेतले दोघे आणि शाळेतून निवृत्त झालेले सर. पोर्तुगीज वाचता येणारी एकच व्यक्ती मिळाली, कॉन्व्हेंटमध्ये राहणाऱ्या वयोवृद्ध सिस्टर. त्या आठवड्यातून एक तास देणार आहेत.

नाताळपर्यंत फोटो आणि ईस्टरपर्यंत फलक, असा आमचा अंदाज आहे.

३ डिसेंबर

गेल्या रविवारी फोटोंचा पहिला दिवस पूर्ण वाया गेला.

सुताराकडून लाकडी स्टँड करून घेतला होता. खाली वही, वर कॅमेरा, पान सपाट राहावं म्हणून त्यावर काच. एकशेचाळीस फोटो काढले, घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तर प्रत्येकात हॉलची ट्यूबलाइट काचेत उमटलेली. मधल्या चार ओळी पांढऱ्या पट्ट्याखाली गेल्या होत्या.

उपाय आज सापडला. हॉलचे दिवे बंद करायचे. दोन एलईडी दिवे वहीच्या दोन बाजूंना, पानाशी ४५ अंशांच्या कोनात ठेवायचे. कॅमेऱ्याभोवती काळं कापड लावायचं, म्हणजे काचेत कॅमेऱ्याचीच सावली दिसत नाही. एवढं केल्यावर अक्षरं लख्ख दिसली.

दुसरी चूक जास्त दुखली. पान सपाट व्हावं म्हणून मी काच दाबली. या वह्यांची शाई लोहयुक्त आहे. काळाबरोबर ती कागद जाळते, त्यामुळे जिथे अक्षर जाड तिथे कागद ठिसूळ. कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा तुटून माझ्या हातात आला. त्या तुकड्यावर एका बाळाच्या आईचं अर्धं नाव होतं. तुकडा पाकिटात घालून, पान क्रमांक लिहून वहीबरोबर ठेवलाय. त्यानंतर काच फक्त टेकवली, दाबली नाही, आणि वही सपाट उघडण्याऐवजी दोन्ही बाजूंना फोमचे उतार ठेवून अर्धवट उघडली. फोटोला वेळ दुप्पट लागला, पण पुन्हा काही तुटलं नाही.

मुलांनी सुती हातमोजे आणले होते. ते फाटक्या कडांमध्ये अडकायला लागले, म्हणून काढून टाकले. साबणाने धुऊन कोरडे केलेले हात पुरतात.

१७ डिसेंबर

पाच वह्यांचे फोटो झाले. दिवसाला साठ-सत्तर पानं, त्यापेक्षा जास्त केलं की पानं सुटतात. एका दिवशी तीन पानं सुटली होती ती आज परत काढली. आता प्रत्येक वहीचा पहिला फोटो कागदाच्या चिठ्ठीचा असतो. चिठ्ठीवर वहीचं नाव, तारीख, पानांची संख्या आणि काढणाऱ्याचं नाव. शेवटी फोटो मोजायचे आणि संख्या जुळली तरच वही कपाटात.

नाताळची तयारी सुरू झाली, गोठा बांधायला सगळे गेले. पुढची सुरुवात जानेवारीत.

७ जानेवारी २०२४

भाचीने आज संपूर्ण काम थांबवलं आणि तिने ते थांबवलं म्हणून बरं झालं.

महिनाभर चौघेजण नोंदी तक्त्यात भरत होते. चारशे बारा बाप्तिस्मे भरून झाले होते. तिने महिन्यानुसार मोजणी केली आणि मला विचारलं, "मामा, सप्टेंबर ते डिसेंबर आपल्या गावात कोणाचा बाप्तिस्माच झाला नाही का? एकाही वर्षी?"

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र गर्दी होती. वही काढून बघितली. लिहिणाऱ्या पाद्रीने काही ठिकाणी ७ हा आकडा काढून त्याला वर बारीक अक्षरांत 'ब्रो' जोडलेलं. आम्ही सातवा महिना समजून जुलै भरला. ८ला 'ब्रो' म्हणजे ऑगस्ट, ९ला 'ब्रो' म्हणजे आमच्या हिशेबाने सप्टेंबर व्हायला हवा होता, पण तिथे मुलांनी गोंधळून रकाना रिकामाच ठेवला होता. दहाव्या महिन्यासाठी रोमन दहाची फुली होती, तिला कोणी चूक समजून खोडलेलं अक्षर मानलं.

सिस्टरांनी पाच मिनिटांत सोडवलं. पोर्तुगीजमध्ये सात म्हणजे सेत, आणि सप्टेंबर म्हणजे सेतेंब्रो. म्हणजे ७ आणि 'ब्रो' मिळून सेतेंब्रो. ८ आणि 'ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, ९चा नोव्हेंबर, फुलीचा डिसेंबर. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, त्याचा हा शिल्लक राहिलेला हिशेब. खरा जुलै तर पाद्री 'जुल्यो' असा पूर्ण लिहीत होता, तो आमच्या डोळ्यांसमोर होता.

वहीतल्या नोंदी तारखेच्या ओळीने लिहिलेल्या असतात. ऑगस्टच्या पानानंतर 'जुलै' आलाच कसा, हे आमच्यापैकी कोणाला तरी पहिल्याच आठवड्यात दिसायला हवं होतं. पण प्रत्येकाला वेगवेगळ्या पानांचे फोटो वाटून दिल्यामुळे ओळ कोणाच्याच नजरेत राहिली नाही. वाटणी माझी होती.

चारशे बाराच्या चारशे बारा नोंदी परत तपासायच्या. आता तक्त्यात प्रत्येक गोष्टीला दोन रकाने आहेत. पहिल्यात वहीत जसं दिसतं तसं, एकही अक्षर न बदलता. दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ. पहिला रकाना कोणी दुरुस्त करायचा नाही.

१४ जानेवारी

आणखी एक अडचण, ही संगणकाची. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही. तो तिला साधा मजकूर मानतो, त्यामुळे क्रम लावला की सगळं उलटसुलट होतं. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने केले. एक संध्याकाळ गेली.

२८ जानेवारी

नोंदी पुन्हा तपासून झाल्या. तीन आठवडे लागले. या निमित्ताने नावांच्या संक्षेपांची यादी तयार झाली, ती इतरांना थेट वापरता येईल.

'रोइझ' असं दिसलं की रॉड्रिग्ज. 'फ्र्झ' म्हणजे फर्नांडिस. 'ग्लझ' म्हणजे घोन्साल्विस. 'प्रा' आणि वर बारीक अक्षर असेल तर परेरा. 'मा' म्हणजे मारिया, 'आंतो' म्हणजे आंतोनियो, 'फ्रांको' म्हणजे फ्रान्सिस्को. मुलांनी 'रोइझ' नावाचं वेगळंच घराणं समजून त्याची सत्तावीस माणसं मोजली होती. एक फलक त्या 'लुप्त झालेल्या घराण्यावर' करायचा, इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

खरी अडचण एकसारख्या नावांची. आंतोनियो लोपीस, बाप फ्रान्सिस्को लोपीस, अशी माणसं एका दशकात सहा. बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावं आली, तीही मोजकीच, म्हणून गावात एका आडनावाची पन्नास घरं. वहीत काही नोंदींना शेवटी एक अनोळखी शब्द जोडलेला होता. सिस्टरांना तो पोर्तुगीज वाटेना. आम्ही तो सोडून दिला होता.

४ फेब्रुवारी

तो शब्द गावातल्या आजींनी वाचला, खरं तर ऐकला. त्यांना वाचता येत नाही. बावखलाच्या (गोड्या पाण्याच्या तळ्याच्या) काठावरच्या घरात, लाल लुगडं नेसून पडवीत फुलांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी अक्षर अक्षर जोडून तो शब्द मोठ्याने म्हटला. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, ही तर आमची पलीकडची आळी."

गोव्याहून आलेल्या पाद्रीने आपल्या सामवेदी बोलीतलं आळीचं नाव कानावर पडलं तसं पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये लिहिलं होतं. सहा आंतोनियो लोपीस एका दुपारी चार वेगवेगळ्या आळ्यांत जाऊन बसले. दोघांचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

वहीतला शब्द समजत नसेल तर तो आधी आपल्या बोलीत मोठ्याने म्हणून पाहायचा, शब्दकोश त्यानंतर. आम्ही हे उलट क्रमाने केलं आणि महिनाभर तो रकाना रिकामा राहिला.

११ फेब्रुवारी

या कामातली सगळ्यात मोठी चूक आज उलगडली. ती सविस्तर लिहितो, कारण वसईतलं कुठलंही धर्मग्राम हे काम करायला घेईल तर तेही याच खड्ड्यात पडेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका वहीत पान संपल्यावर मोठ्या अक्षरात शेरा आहे : 'व्हिस्तो', म्हणजे पाहिलं. धर्मग्रामाच्या भेटीला आलेले वरिष्ठ वह्या तपासून असा शेरा मारून सही करत. सहीखाली पदवी लिहिलेली होती आणि ती वाचून आम्ही चक्रावलो. क्रांगानोरचे आर्चबिशप. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. तिथल्या आर्चबिशपांनी वसईच्या वाडीत येऊन बाप्तिस्म्याची वही का तपासावी?

सरांनी आणि मी तीन आठवडे केरळाच्या दिशेने शोधलं. पाहुणे म्हणून आले असतील, बोटीने मुंबईला उतरले असतील, अशा कल्पना केल्या. त्याआधी मी त्याच सहीवर आणखी एक चुकीचा मथळा लिहून ठेवला होता : 'मुंबईच्या आर्चबिशपांची भेट'. माझ्या डोक्यात पक्कं होतं की १९९८ च्या आधी वसई मुंबईकडे होती. ते खरं आहे, पण फक्त १९२८ पासून.

त्याआधी वसई दमणच्या धर्मप्रांतात होती. १८८६ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला. दमण-दीवबरोबर ब्रिटिश मुलखातली साष्टी आणि वसईही त्यातच आली. आणि दमणच्या बिशपांना क्रांगानोरचे आर्चबिशप ही मानाची पदवीही देण्यात आली होती. केरळाचा संबंध पदवीपुरता. आलेला माणूस आपलाच बिशप होता.

दोन वर्षांचा एखादा तपशील चुकला तर दुरुस्त होतो. पण गाव त्या साली कोणाच्या अधिकारात होतं हेच चुकलं तर शोध वेगळ्याच दप्तरात, वेगळ्याच शहरात जातो. म्हणून आम्ही एक पट्टी तयार केली आणि ती टेबलावर चिकटवली. आता कुठलाही कागद हातात आला की आधी त्याचं साल या पट्टीवर ठेवायचं.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तेव्हापासून इथली चर्चेस गोव्याच्या अधिकारात. धर्मसंघांपैकी फ्रान्सिस्कन आधी आले, त्यांच्यातले आंतोनियो द पोर्तो हे नाव पहिल्या वर्षांपासून येतं. जेजुइट नंतर, मग डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राजवट बदलली, युरोपीय पाद्री गेले, पण चर्चचा अधिकार गोव्याकडेच राहिला. मराठा राज्यात राहणाऱ्या ख्रिस्ती गावकऱ्यांचे बिशप पोर्तुगीज गोव्यात, अशी स्थिती पुढे कित्येक वर्षं होती आणि या काळात धर्म टिकवला तो देशी धर्मगुरूंनी.

१७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली आणि सालबाईच्या तहानंतर परत केली. पेशवाई बुडाल्यावर ती कायमची इंग्रजांकडे गेली. यातल्या कशानेही बिशप बदलले नाहीत.

१८८६ पासून दमण. १९२८ पासून मुंबई महाधर्मप्रांत. २२ मे १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत केला, पापडीचं कृपामातेचं चर्च कॅथेड्रल झालं.

इथे एक फसवं साल आहे, १७२०. त्या साली इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज पाद्रींना काढलं आणि कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले. मुंबईच्या चर्चचा इतिहास लिहिताना हे साल येतंच. पण वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या हातात होती, तिला ते लागू नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात ते होतं. आज खोडलं.

सरकारी कागद शोधायचा तर आणखी एक पट्टी लागते : ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे जिल्हा, १ ऑगस्टपासून पालघर.

१८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार झाला. उपवासकाळात क्रूसवाटेच्या भक्तीमुळे शुक्रवार मोकळे नाहीत, काम फक्त रविवारी.

३ मार्च

किल्ल्यात फोटो काढायला गेलो. संत जोसेफचं चर्च, म्हणजे मुख्य चर्च, त्याच्या दाराच्या वर पोर्तुगीज शिलालेख आहे. १६०१ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांच्या कारकिर्दीत या चर्चची पुनर्रचना झाली, असं त्यात कोरलंय. मेनेझिश गोव्याचे आर्चबिशप. वसई कोणाच्या अधिकारात होती याचा पुरावा दगडात, आपल्या डोक्यावर, आणि मी लहानपणापासून त्या दारातून आत-बाहेर करत होतो.

भर दुपारी गेल्यामुळे फोटोत अक्षरं सपाट आली, एकही ओळ वाचता येईना. ऊन तिरपं व्हायची वाट बघितली. सावली खाचांत उतरली तशी १६०१ चा १ आधी दिसला, मग ६. वीस मिनिटांत सगळं काम झालं. पुढच्यांनी दुपारी जाऊच नये.

फ्रान्सिस्कनांच्या संत आंतोनियोच्या चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. अक्षरं उठून दिसावीत म्हणून आमच्यातल्या एकाने खडू आणला होता. त्याला वेळेवर थांबवलं. हे संरक्षित स्मारक आहे आणि खडू दगडाच्या छिद्रांत बसला की निघत नाही. त्याऐवजी काळी छत्री उघडून शिळेवर सावली केली आणि टॉर्च जमिनीला टेकवून एका बाजूने मारला. खडूपेक्षा चांगलं दिसलं. शिळेवर बूट घालून उभं राहायचं नाही हे मुलांना सांगावं लागलं नाही, त्यांनी आपणहून चपला बाहेर काढल्या.

संत गोन्सालो गार्सियांसाठी वेगळा फलक आहे. वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संतपद मिळालं. हा फलक सगळ्यांत सोपा गेला. गावातल्या लहान मुलांनाही तारखा पाठ आहेत.

७ एप्रिल

ईस्टर झाला. फलकांचा मजकूर बारापैकी नऊ तयार.

आज सहाव्या फलकावर वाद झाला. त्यात १७३९ नंतर 'वसईतला ख्रिस्ती समाज विस्कटून गेला' असं वाक्य होतं. सर म्हणाले, गेले ते पोर्तुगीज. शेती करणारा, वाडीत पानवेल लावणारा, होडीवरचा माणूस कुठे गेला? तो इथेच होता, नाहीतर आपण कुठून आलो? वाक्य काढलं. त्या जागी नेमकं काय गेलं आणि काय राहिलं ते लिहिलं.

घंटांचा विषयही तिथेच. वसईच्या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ साल आणि मारियामातेची बाळ येशूसह आकृती. युवा संघटनेतला मुलगा मेणवलीला जाऊन फोटो घेऊन आला. तिथल्या पुजाऱ्यांनी त्याला हवा तेवढा वेळ उभं राहू दिलं, आकृतीवरची धूळ स्वतः पुसून दिली. फलकावर घंटेचा तो फोटो सगळ्यांत मोठा लावायचं ठरलं.

१९ मे

बारा फलक छपाईला दिले. प्रत्येकी ३ बाय ४ फूट, सनबोर्डवर.

नमुना पाहिला आणि पोटात गोळा आला. आम्ही युनिकोडमध्ये टाइप केलं होतं. छपाईवाल्याने ते त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित केलं आणि रफार सगळे सरकले. 'धर्मग्राम', 'धर्मगुरू', 'चर्च', आमचा निम्मा शब्दसंग्रह रफाराचा. एक फलक पूर्ण छापून झाला होता, तो फेकावा लागला. बाकीचे आम्ही स्वतः पीडीएफ करून दिले आणि छापण्याआधी प्रत्येकाची कागदी प्रत काढून दोघांनी वाचली. ही पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवावी.

२३ मे

शेवटच्या फलकावर धर्मप्रांताच्या बिशपांची ओळख आहे. थॉमस डाबरे पहिले, २००९ मध्ये ते पुण्याला गेले. त्यांच्यानंतर आर्चबिशप फेलिक्स मच्याडो. फलक छापून आला आणि याच आठवड्यात नवीन बिशप म्हणून फादर थॉमस डिसोझा यांच्या नियुक्तीची बातमी आली. चर्चची घंटा वाजली तेव्हा मी हॉलमध्ये त्या फलकाला दोरी बांधत होतो. बांधलेली दोरी आनंदाने सोडली.

फलक नव्याने केला. या वेळी खाली एक पट्टी वेगळी, खिळ्यांनी काढता-लावता येईल अशी ठेवली. बदलणारी माहिती नेहमी अशीच वेगळी ठेवावी.

१६ जून

पाऊस लागला. साक्रिस्तीच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या, निळे दाणे तीन दिवसांत गुलाबी झाले. मागची भिंत ओलसर. एका वहीच्या पुठ्ठ्यावर बुरशीचे पांढरे ठिपके.

कुणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या सुचवल्या. आम्ही टाळल्या, ओल आत कोंडते. वह्या वरच्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर लांब, पुठ्ठ्याच्या खोक्यांत हलवल्या. बुरशी बाहेरच्या ओट्यावर, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने झटकली. पुड्या ऊन मिळेना म्हणून ओव्हनमध्ये सुकवून परत वापरतो आहोत.

वह्या हलवायचं काम नोव्हेंबरमध्येच करायला हवं होतं. तेव्हा फोटोंची घाई होती.

२८ जुलै

गुरुवारी, २५ तारखेला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. या आठवड्यात काम केलं नाही.

आमच्या दहाव्या फलकासाठी, व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला त्या काळासाठी, आम्ही 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे जुने अंक चाळत होतो. फादर अनेक वर्षं त्याचे संपादक होते. आमच्या गावच्या माणसांनी आपली मराठी छापलेली पहिल्यांदा तिथे पाहिली. आजींच्या घरी त्यांच्या मुलाने अंकांचे गठ्ठे साल टाकून, सुतळीने बांधून ठेवलेत. काल तो ते आमच्या हवाली करायला आला, पायऱ्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, "फोटो काढून झाले की परत द्या. आई रोज विचारते."

८ सप्टेंबर

मारियामातेच्या जन्माचा सण आणि रविवार, शिवाय गणपतीची सुट्टी. मिस्सानंतर फलक उघडले. शेजारच्या आळीतली हिंदू घरंही आली होती, मेणवलीच्या घंटेपुढे सगळ्यांत जास्त वेळ तीच थांबली.

आजींना खुर्चीवर बसवून तिसऱ्या फलकासमोर नेलं. त्यावर वहीतल्या आळीच्या नावाचा मोठा केलेला फोटो आहे. भाचीने त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

दोन चुका लोकांनी दाखवल्या. एक गावाच्या नावाची, एक नकाशातली : डहाणू, जव्हार, मोखाड्याची बाजू आम्ही इतकी बारीक काढली होती की धर्मप्रांत वसई तालुक्यापुरताच वाटत होता. तलासरीहून आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "आम्ही कुठे आहोत यात?" त्या फलकावर तलासरीच्या जेजुइट केंद्राचा, ज्ञानमाता सदनाचा उल्लेखही नव्हता. वारली पाड्यांमधलं काम धर्मप्रांताच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे आणि आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. हा फलक पूर्ण नवा करायचा आहे. त्यासाठी आधी तिथे जाऊन राहावं लागेल.

खर्च : स्टँड १,४०० रुपये, दिवे १,९००, काच ६५०, फोम ३००, दोन हार्ड डिस्क ९,२००, खोकी आणि सिलिका जेल २,१००, बारा फलक १२,६००, पुन्हा छापलेले दोन २,१००, प्रवास १,८००. एकूण ३२,०५०. यातले पुन्हा छपाईचे २,१०० रुपये टाळता आले असते. दोन हार्ड डिस्कपैकी एक चर्चमध्ये, एक दुसऱ्या इमारतीत ठेवली आहे.

१५ सप्टेंबर

पलीकडच्या धर्मग्रामातले तिघे आज आले. त्यांच्याकडे मृत्यूच्या सात वह्या आहेत. स्टँड, दिवे आणि फोमचे उतार त्यांच्या टेम्पोत चढवले. सालांची पट्टी टेबलावरून काढताना फाटली, म्हणून त्यांच्यासाठी नवी लिहून दिली आणि ७, ८, ९ आणि फुली यांचे खरे महिने तिच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले. काच वर्तमानपत्रात गुंडाळून भाचीने मांडीवर घेतली आणि ती त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून गेली.